फसव्या बेटाच्या पोटातलं बंदर

सदर : नकाशावरची नावं

मागच्या अंकात अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटाबद्दल लिहिताना 'या बेटाच्या आत शिरून जहाज नांगरतं' असं एक वाक्य टाकून मी पुढे निघून गेलो. सगळी पत्रं नेमकी त्याच वाक्यावर आली. नोकरीच्या शेवटच्या काळात मी दक्षिणेकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर सेकंड ऑफिसर होतो, त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. बाकीच्या चार्टवरून, म्हणजे जहाजांच्या सागरी नकाशांवरून, आणि जुन्या सफरींच्या नोंदींतून सांगतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

'बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, असं मी वर्गात आयुष्यभर शिकवलं. तुमच्या बेटाच्या आतही पाणी कसं? का ते तळं आहे?' – निवृत्त शिक्षक, कराड

सर, तुमची व्याख्या शाबूत आहे. आतलं पाणी तळ्याचं नाही, समुद्राचंच आहे. डिसेप्शन हे ज्वालामुखीचं डोकं आहे. काही हजार वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, पोटातला लाव्हा बाहेर पडला आणि वरचं छप्पर आत कोसळलं. राहिला तो कडा. त्या कड्याला आग्नेयेला एका जागी खिंडार पडलं, समुद्र आत घुसला. वरून पाहिलं तर एका जागी फुटलेली बांगडी दिसते. बेटाचा व्यास बारा ते पंधरा किलोमीटर. आतलं आखात सुमारे दहा किलोमीटर लांब, सहा-सात किलोमीटर रुंद आणि मध्यभागी दीडशे मीटरहून खोल. स्थान ६३ अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित अलीकडे, म्हणजे अंटार्क्टिक वृत्ताच्या बाहेर. तरीही अर्ध्याहून अधिक बेट हिमनद्यांखाली आहे. फक्त ते बर्फ पांढरं असेल अशी कल्पना करू नका. राखेचे थर बसून कित्येक ठिकाणी ते कोळशासारखं काळं झालेलं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशांना तो डोंगर वाटतो, आणि 'हे बर्फ आहे' म्हटल्यावर ते आपल्याकडे संशयाने बघतात.

आत जायची वाट ती एकच. तिचं नाव नेपच्यून्स बेलोज, म्हणजे समुद्रदेवाचा भाता. हे नाव सील या समुद्री प्राण्याची शिकार करणाऱ्या अमेरिकन सीलशिकाऱ्यांनी १८२२ च्या आधीच ठेवलेलं आहे. त्या खिंडीतून वारा असा भसकन अंगावर येतो की नाव कुणी का ठेवलं हे विचारावं लागत नाही.

'कप्तान काका, मी सातवीत आहे. बेटाला फसवं असं नाव कोणी आणि का ठेवलं? बेट कोणाला फसवेल?' – एक विद्यार्थिनी, सांगली

बेट कोणाला फसवत नाही गं, पण बाहेरून ते साधंसुधं दिसतं. काळे कडे, वर बर्फ, आजूबाजूच्या दहा बेटांसारखंच. बोटीने प्रदक्षिणा घालताना ती एक फट नेमकी समोर आली तरच कळतं की आत सबंध बंदर लपलेलं आहे. फट जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद. थोडं धुकं असेल तर तिच्यासमोरून जाऊनही ती दिसत नाही.

आता कोणी ठेवलं ते. १८१९ मध्ये विल्यम स्मिथ या इंग्रज व्यापारी कप्तानाला केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक, वळताना वाऱ्याने दक्षिणेला ढकललं आणि त्याला दक्षिण शेटलंड बेटं दिसली. डिसेप्शन त्यांतलंच एक. जानेवारी १८२० मध्ये तो एडवर्ड ब्रॅन्सफिल्ड या नौदल अधिकाऱ्याला घेऊन परत आला. तेव्हा त्यांनी हे बेट लांबून पाहिलं. आत शिरला तो नॅथॅनिएल पामर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. अमेरिकेतल्या स्टोनिंग्टन गावचा मुलगा, वय २१. त्याची 'हीरो' ही एका डोलकाठीची बोट फक्त ४७ फुटांची होती. आपल्या कोकणातल्या मच्छीमार बोटीही हल्ली त्याहून मोठ्या असतात. ही पोरं सील शोधत होती, कातड्यासाठी. 'डिसेप्शन' हे नाव पामरच्या खात्यावर जमा आहे आणि ते टिकलं.

तुझ्या वहीत एक गोष्ट जरूर लिही. बेटाचं नाव टिकलं, पण आतल्या बंदराचं टिकलं नाही. सीलशिकारी त्याला यांकी हार्बर म्हणत, कोणी पोर्ट विल्यम्स म्हणत. आज चार्टवर यांकी हार्बर आहे, पण ते जवळच्या ग्रीनिच बेटावरचं वेगळंच बंदर. दोन-तीन वर्षांत कातड्यांसाठी सील इतके मारले गेले की धंदा बुडाला, शिकारी निघून गेले आणि त्यांच्या तोंडची नावंही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. 'नेपच्यून्स बेलोज' उरलं. वारा उरला होता ना.

'मग पामरनेच अंटार्क्टिका शोधली असं इथे शाळेत मुलांना सांगतात, ते खरं का?' – न्यू जर्सी

खिंडीतून आत गेल्यावर उजव्या हाताला कड्याला एक खाच आहे. तिला नेपच्यून्स विंडो म्हणतात. तिथून स्वच्छ दिवशी पलीकडे मुख्य भूमीचे डोंगर दिसतात, आणि पामरने नोव्हेंबर १८२० मध्ये ते तिथूनच पाहिले अशी कथा प्रवाशांना हमखास सांगितली जाते. मीही सांगितली आहे, लोकांना आवडते. पण तारखा पाहिल्या तर रशियन नौदलाचा बेलिंग्सहाउझेन जानेवारी १८२० च्या अखेरीस बर्फाच्या कड्यापर्यंत पोचला होता आणि ब्रॅन्सफिल्डने त्यानंतर दोन-तीन दिवसांत अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं टोक पाहिलं होतं. पामर दहा महिने मागे आहे. शिवाय ती खिडकीही त्याच्या वेळची नाही, म्हणजे नाव नाही. ते १९४८-४९ च्या ब्रिटिश नौदलाच्या मोजणीनंतर आलं.

'गूगलच्या नकाशावर त्या आखातात पोर्ट फॉस्टर आणि पेंड्युलम कोव्ह अशी नावं दिसतात. ध्रुवाजवळ लोलकाचं काय काम?' – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मुंबई

या सगळ्या पत्रांतला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. कारण पेंड्युलम कोव्ह हे नाव कुणाच्या मानासाठी ठेवलेलं नाही. तिथे खरंच लोलक हलत होता.

जानेवारी १८२९ मध्ये ब्रिटिश नौदलाचं 'चँटिक्लियर' हे छोटं जहाज इथे आलं. कप्तान हेन्री फॉस्टर. सील संपले होते, बेट ओसाड होतं, आणि त्याला तेच हवं होतं. त्याचं काम पृथ्वीचा आकार मोजण्याचं. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, म्हणजे ध्रुवाजवळ आपण केंद्राच्या जवळ असतो, त्यात भर म्हणजे फिरण्याचा बाहेर ढकलणारा परिणाम तिथे उरत नाही. त्यामुळे गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापेक्षा सुमारे अर्धा टक्का जास्त. कागदावर अर्धा टक्का काहीच नाही. पण विषुववृत्तावर बरोबर सेकंदाचे ठोके देणारा लोलक उचलून ध्रुवावर नेला, तर तो दिवसाला पावणेचार मिनिटांच्या आसपास पुढे जाईल. वेगवेगळ्या अक्षांशांवर हा फरक मोजत गेलं की पृथ्वी किती चपटी ते गणिताने काढता येतं. फॉस्टर हेच करत अटलांटिकच्या दोन्ही काठांनी फिरत होता आणि डिसेप्शन हा त्याचा दक्षिणेकडचा टोकाचा मुक्काम.

तू अभियांत्रिकीचा, तुला कल्पना येईल. लोलकाला न हलणारी जमीन लागते, सारखं तापमान लागतं, आणि आकाश लागतं, कारण वेळ शेवटी ताऱ्यांवरूनच पडताळायची. इथे जमीन ज्वालामुखीची, पाण्याच्या कडेने वाफा निघतायत, आणि आकाश बहुतेक दिवस ढगांनी भरलेलं. त्यात माणसं जानेवारी ते मार्च चिकाटीने बसली. त्याच मुक्कामात लेफ्टनंट केंडल याने आखाताची मोजणी करून बेटाचा पहिला नीटस नकाशा काढला. सर्वांत उंच शिखर, सुमारे ५४० मीटर, त्याला नाव मिळालं माउंट पाँड. हे इंग्लंडचे तेव्हाचे राजखगोलज्ञ जॉन पाँड. बाहेरच्या पूर्व टोकाला बेली हेड म्हणतात. फ्रान्सिस बेली या खगोलज्ञाने फॉस्टरच्या लोलकाच्या आकड्यांचा अहवाल तयार केला होता. तो स्वतः फॉस्टरला करता आला नाही. परतीच्या वाटेवर १८३१ मध्ये पनामातल्या चाग्रेस नदीत तो बुडून वारला, वय ३४-३५. आखाताला त्याचं नाव आहे. मला विचाराल तर जुन्या नौदलाने खैरातीसारखी वाटलेल्या नावांत हे एक नाव हक्काचं आहे.

एक शेपूट राहिलं. जाताना फॉस्टरने पेंड्युलम कोव्हच्या काठावर किमान तापमान नोंदवणारा तापमापक ठेवला, पुढे कुणी आला तर वाचेल म्हणून. १८३९ मध्ये अमेरिकेच्या विल्क्स मोहिमेतल्या एका जहाजाने तो शोधला, सापडला नाही. १८४२ मध्ये विल्यम स्मायली या सीलशिकारी कप्तानाला सापडला. काटा उणे ५ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण उणे साडेवीस सेल्सियसवर होता. स्मायलीने त्याच भेटीत बेटाची सबंध दक्षिण बाजू पेटलेली पाहिली. त्या बेटाच्या उद्रेकाची ही पहिली डोळ्यांदेखत नोंद.

'आमच्याकडे वादळात बोटी देवगडच्या खाडीत आसऱ्याला येतात. तुमचं बंदर चहूबाजूंनी बंद, मग देवगडपेक्षा बरंच सुरक्षित म्हणायचं. तिथे नांगर धरतो का? आत जाताना काय त्रास?' – ट्रॉलरमालक, मालवण

धंद्यातल्या माणसाचा प्रश्न, म्हणून जरा सावकाश उत्तर देतो.

आधी तोंड. खिंड दिसायला अर्धा किलोमीटर, पण वापरायची निम्मीही नाही. जवळपास मध्यावर रॅव्हन रॉक नावाचा खडक पाण्याखाली अडीच मीटरवर आहे. लाट फुटत नाही, रंग बदलत नाही, काही कळत नाही. हे नाव फ्रेंच संशोधक शार्को याने तिथल्या एका नॉर्वेजियन शिकारबोटीवरून दिलं. खडकाची दक्षिणेकडची बाजू उथळ. म्हणून सगळी जहाजं उत्तरेच्या कड्याला बिलगून जातात, इतकी की ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, कड्यावरचे पक्षी मोजावेत. नवा माणूस स्वभावाने कड्यापासून लांब, मध्यावर राहू बघतो. इथे तोच स्वभाव घात करतो. पन्नासच्या दशकात 'सदर्न हंटर' ही ब्रिटिश शिकारबोट इथे लागली, तिचा सांगाडा दक्षिणेच्या काठावर अजून गंजतोय. २००७ मध्ये एका मोठ्या प्रवासी जहाजाचा तळ याच तोंडाजवळ खरवडला गेला आणि प्रवासी दुसऱ्या जहाजावर हलवावे लागले. दोन्हींकडे चार्ट होता.

आमच्या जहाजावर त्या वेळी ब्रिजवर बोलणं बंद असायचं. कप्तान, पायलटिंगचा अनुभव असलेला एक म्हातारा रशियन, सुकाणूवर माणूस आणि मी रडारपाशी. प्रवासी बाहेर डेकवर फोटो काढत हसत असायचे. तो कडा संपला आणि डावीकडे सबंध आखात उघडलं की कप्तान कॉफी मागवायचा. त्याआधी कोणी कपाला हात लावत नसे.

आता नांगर. आत आल्यावर लगेच उजवीकडे व्हेलर्स बे, तिथेच बहुतेक जहाजं थांबतात. समुद्राची लाट आत येत नाही, इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं. पण वारा अडत नाही. बर्फाच्या डोंगरावरून थंड हवा एकदम खाली कोसळते. शांत पाण्यात कॉफी पीत असताना पाच मिनिटांत चाळीस नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचा झोत. तळाला ज्वालामुखीची राख आणि बारीक खडी, चिखलासारखी पकड नाही. शिवाय काठापासून थोडं सरकलं की तळ एकदम खोल जातो. म्हणजे नांगर घसरला तर घसरतच जातो, पुन्हा धरायला जागा नाही. आम्ही नांगर टाकला तरी इंजिन तयार ठेवायचो आणि ब्रिजवर एक माणूस फक्त अंतर बघत उभा असायचा. पॅसेंजर किनाऱ्यावर असताना कितीदा तरी साखळी गोळा करून आखातात घिरट्या घालत बसलो आहोत. देवगडची खाडी बरी. तिथे निदान तळ आपली जागा बदलत नाही.

'व्हेलर्स बेच्या पुढे टेलिफोन बे असं नाव आहे. तिथे टेलिफोन होता?' – पुणे. आणि 'देवमाशांची कत्तल इथे व्हायची का?' – अलिबाग

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस देतो. अ‍ॅडॉल्फ आंद्रेसन, जन्माने नॉर्वेचा, पण चिलीतल्या पुंटा अरेनासला स्थायिक झालेला. १९०६ च्या सुमारास तो 'गोबेर्नादोर बोरिएस' हे तरंगतं कारखानाजहाज घेऊन या आखातात आला. त्या काळी चरबी वितळवायला शांत पाणी आणि बॉयलरसाठी गोडं पाणी लागे. दोन्ही इथे होतं. डिसेंबर १९०८ मध्ये शार्को 'पूर्क्वा पा?' या जहाजातून आला तर त्याला ओसाड बेटाऐवजी चक्क वसाहत दिसली. आंद्रेसनची बायकोही सोबत होती, तिचा पोपट आणि मांजर होतं. शार्कोने त्यांच्याकडून कोळसा घेतला आणि चार्टवर त्या उपसागराचं नाव 'देवमासे मारणाऱ्यांची खाडी' असं लिहिलं. तेच इंग्रजीत व्हेलर्स बे झालं.

टेलिफोन हे जहाजाचं नाव. डिसेंबर १९०८ मध्ये ते शेजारच्या किंग जॉर्ज बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बेत खडकावर बसलं. त्याला ओढत डिसेप्शनमध्ये आणलं आणि वायव्येच्या कोपऱ्यात काठावर चढवून तिथेच डागडुजी केली. शार्कोने ते पाहिलं आणि कोपऱ्याला तेच नाव दिलं. तारेचा किंवा फोनचा काही संबंध नाही, पुणेकर.

कत्तलीबद्दल. पहिल्या महायुद्धाच्या आधी एकेका हंगामात डझनभर कारखानाजहाजं या आखातात उभी असत. ती फक्त चरबी सोलून घेत, बाकीचं धूड पाण्यात सोडून देत. काठावर कुजणाऱ्या सांगाड्यांचे ढीग लागले. हे वाया जाणारं मांस आणि हाडं उकळण्यासाठी १९१२ मध्ये हेक्टर या नॉर्वेजियन कंपनीने किनाऱ्यावर कारखाना उभारला. ब्रिटनने १९०८ मध्ये ही बेटं आपल्या फॉकलंडच्या हद्दीत असल्याचं जाहीर केलं होतं, म्हणून हंगामात तिथे ब्रिटिश दंडाधिकारी बसे आणि परवान्याचे पैसे घेई. १९३१ मध्ये तेलाचा भाव कोसळला. त्याआधीच जहाजाच्या मागच्या बाजूला उतरण ठेवून अख्खा देवमासा वर ओढणारी नवी जहाजं आली होती, त्यांना बंदराची गरजच उरली नव्हती. कारखाना बंद पडला. गंजलेल्या टाक्या आणि बॉयलर आजही काठावर उभे आहेत.

या लोकांची नावं मला फार आवडतात, कारण ती हाताशी असलेल्या वस्तूंवरून आलेली आहेत. व्हेलर्स बेच्या काठाजवळ एक गोल कोमट तळं आहे, त्याला ते 'टोक्रोनिंगेन' म्हणत, दोन क्रोनरचं नाणं. आज चार्टवर क्रोनर लेक. बेटाबाहेर समुद्रात कमानीचा एक खडक होता, तो त्यांना शिवणयंत्रासारखा दिसला. १९२४ मध्ये भूकंपाच्या हादऱ्याने कमान पडली, उरले ते सुळके, म्हणून आता सोइंग मशीन नीडल्स. मशीन गेलं, सुया राहिल्या. अ‍ॅडमिरल आणि मंत्र्यांच्या नावांची शिखरं विसरायला मला एक रात्र पुरते. हे विसरलो नाही.

आणखी एक. याच काठावरची राख सपाट करून १६ नोव्हेंबर १९२८ रोजी संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक बेन आयल्सन यांनी अंटार्क्टिकातलं पहिलं विमान उडवलं. पुढच्या महिन्यात विल्किन्सने द्वीपकल्पावरून लांब उड्डाण केलं आणि वरून दिसलेल्या 'सामुद्रधुन्यांना' मित्रांची आणि देणगीदारांची नावं देऊन टाकली. १९३४ ते ३७ च्या ब्रिटिश मोहिमेने जमिनीवरून जाऊन पाहिलं तर त्यांतल्या कित्येक सामुद्रधुन्या नव्हत्याच, बर्फाने भरलेल्या दऱ्या होत्या.

'हे बेट नक्की कोणाचं?' – नागपूर

ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली, तिघांचंही म्हणणं 'आमचं'. १९४२ मध्ये अर्जेंटिनाचं 'प्रिमेरो दे मायो' जहाज येऊन इथे झेंडा रंगवून गेलं. १९४३ च्या जानेवारीत ब्रिटिश जहाजाने तो पुसला. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटनने जुन्या कारखान्याच्या इमारतीत कायमचा तळ मांडला. १९४८ मध्ये अर्जेंटिनाने समोरच्या काठावर 'देसेप्सियोन' तळ बांधला. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी व्हेलर्स बेतल्या अर्जेंटिनाच्या आणि चिलीच्या झोपड्या पाडल्या आणि दोन अर्जेंटिनी माणसांना पकडून नेलं. १९५५ मध्ये चिलीने पेंड्युलम कोव्हला तळ काढला. या ओढाताणीत प्रत्येकाने आपापल्या भाषेत नावं छापली. फॉस्टरचं आखात स्पॅनिश चार्टवर पुएर्तो फॉस्टर, भाता तिथे फुएयेस दे नेप्तुनो. वाफा निघणाऱ्या एका खाडीला अर्जेंटिनाने त्या जहाजाचं 'प्रिमेरो दे मायो' नाव दिलं, इंग्रजी चार्टवर ती फ्युमरोल बे. मला यात गंमत ही वाटते की भांडण जमिनीचं असूनही 'नेपच्यूनचा भाता' हे अनाम सीलशिकाऱ्यांचं नाव तिघांनीही निमूट उचललं.

१९५९ चा अंटार्क्टिक करार १९६१ मध्ये अमलात आला आणि सगळे दावे जागच्या जागी गोठवले गेले. पणजीहून एकांनी विचारलंय की भारताची नावं तिथे आहेत का. या बेटावर नाहीत. आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, आणि आता बंद झालेलं दक्षिण गंगोत्रीही तिकडेच होतं. मैत्रीजवळच्या तळ्याचं नाव मात्र प्रियदर्शिनी.

'तिथे गरम पाण्यात आंघोळ करता येते असं ऐकलं. खरं?' – ठाणे

काठावरच्या वाळूत चार बोटं खाली हात घातला तर भाजतो, आणि दोन पावलं आत समुद्रात पाय ठेवला तर गोठतो. पूर्वी प्रवासी खड्डा खणून दोन्ही पाणी एकत्र करत आणि त्यात बसत. आता खणायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. १९२१ मध्ये व्हेलर्स बेतलं पाणी इतकं तापलं होतं की जहाजांच्या बुडाचा रंग निघाला, अशी नोंद आहे.

'माझ्या वडिलांकडच्या जुन्या नकाशात टेलिफोन बेमध्ये एक छोटं बेट दाखवलंय, त्याला नावही आहे. नव्या नकाशात ते नाही. छपाईची चूक का?' – कोल्हापूर

चूक नाही. नकाशा जपून ठेवा.

४ डिसेंबर १९६७ रोजी आखाताच्या वायव्य भागात पाण्याखाली स्फोट झाला. पेंड्युलम कोव्हचा चिलीचा तळ उद्ध्वस्त झाला. माणसं राखेच्या पावसातून चालत ब्रिटिश तळावर पोचली आणि चिलीच्या 'पिलोतो पार्दो' जहाजाने सगळ्यांना बाहेर काढलं. टेलिफोन बेत एक नवं बेट वर आलं होतं. त्याला येल्चो नाव मिळालं. येल्चो म्हणजे १९१६ मध्ये एलिफंट बेटावर अडकलेल्या, ध्रुवीय संशोधक शॅकलटनच्या माणसांना सोडवणारी चिलीची छोटी बोट.

ब्रिटिश परत आले. २१ फेब्रुवारी १९६९ रोजी पुन्हा उद्रेक. तळावरची पाच माणसं डोक्यावर पत्रे धरून दगडांच्या माऱ्यात पळाली आणि पुन्हा 'पिलोतो पार्दो'च्याच हेलिकॉप्टरने उचलली गेली. वितळलेल्या हिमनदीचा चिखल व्हेलर्स बेवर आला. त्यात तळाची मोडतोड झाली आणि देवमासे मारणाऱ्यांचं ३५ थडग्यांचं कबरस्तान गाडलं गेलं. ऑगस्ट १९७० मध्ये तिसरा उद्रेक झाला. त्याच्या राखेने येल्चो बेट किनाऱ्याला जोडून टाकलं. तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. तुमच्या वडिलांचा नकाशा त्या मधल्या काळातल्या मोजणीवर बेतलेला आहे.

बेट अजून जिवंत आहे. अर्जेंटिनाचा 'देसेप्सियोन' आणि स्पेनचा 'गाब्रिएल दे कास्तिया' हे दोन तळ उन्हाळ्यात चालू असतात, तिथली माणसं भूकंपमापक लावून बसतात. हादरे वाढले तर बेट रिकामं करायचं आणि जहाजांनी खिंडीबाहेर निघायचं, असं ठरलेलं आहे. आमच्या ब्रिजवर चार्टच्या टेबलाशेजारी त्या सूचनांचा कागद पेन्सिलच्या खुणांसह चिकटवलेला असे. जहाज नांगरताना नाक खिंडीकडे ठेवायचं, हे कप्तानाने त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात वाढवलं होतं.